वरची कवळी

९ जानेवारी, गुरुवार

सरांनी सांगितलं म्हणून ही वही. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या भावना रोज लिहून ठेवाव्यात, ही वही कोणी वाचणार नाही, तिला गुणही नाहीत, असं ते म्हणाले. गुण नाहीत म्हटल्यावर वर्गात कोणी लिहिणार नाही हे त्यांनाही माहीत असावं. सांगताना ते बोटाला थुंकी लावून आमच्या उत्तरपत्रिका उलटत होते. माझी उत्तरपत्रिका मी दोन बोटांच्या टोकांत धरून पिशवीत टाकली.

मी लिहिणार, कारण मला नोंद ठेवायची सवय आहे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार नोंदवहीवर मी सोळा वर्षं बसते. लोक घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणतात आणि माझ्या टेबलावर ठेवतात. पिवळं, करडं, तेलकट. एकाने आज जिवंत अळी आणली आणि म्हणाला, "बघा, पोहते." मी प्रत्येक तक्रारीला एकच ओळ देते. गढूळ. दुर्गंधीयुक्त. जंतुयुक्त. माझा शब्द आजवर एकाही साहेबाने बदललेला नाही.

आई म्हणायची, "या बाटल्यांतून बाहेर पड बाई एकदाची." फॉर्म तिनेच आणून दिला होता. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असली की आमच्याच कार्यालयात वस्ती अधिकाऱ्याची जागा मिळू शकते. संध्याकाळचे वर्ग, शनिवारी फील्डवर्क. दोन वर्षांतलं हे शेवटचं सत्र. आई गेल्याला आठ महिने झाले.

भावना लिहायच्या आहेत. किळस.

सकाळी कवळीचं पाणी बदललं. आईची कवळी न्हाणीघरातल्या फळीवर काचेच्या ग्लासात आहे. पाणी बदललं नाही तर बुळबुळीत होतं. स्वच्छतेचा प्रश्न आहे.

१८ जानेवारी, शनिवार

या सत्राचं फील्डवर्क नेमकं आई गेली त्याच रुग्णालयात आलं आहे. बदलून मागितलं नाही. कारण सांगावं लागलं असतं.

इथल्या समाजसेवा विभागाच्या मॅडम माझ्या पर्यवेक्षक. बोलता बोलता हाताला क्रीम चोळत असतात आणि मग त्याच हाताने फाइल पुढे करतात. सगळ्या फाइलींना गुलाबाचा वास.

मला एक केस दिली. हाडांच्या वॉर्डात एक आजी आहेत, खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया नीट झाली. आता घरी जायला हव्यात. पण आजी भिंतीकडे तोंड करून पडून असतात, कोणाशी बोलत नाहीत, धड खात नाहीत. त्यांचे यजमान रोज येतात आणि वॉर्डच्या दाराबाहेर बाकावर बसून राहतात. आत पाऊल टाकत नाहीत. घरी न्यायलाही तयार नाहीत. मला तीन भेटींत पाहून लिहायचं आहे की हा माणूस बायकोला सांभाळेल का. नाही म्हटलं तर समिती आजींना दूरच्या गावातल्या निवारा केंद्रात पाठवणार. तिथून सहसा कोणी परत येत नाही, असं मॅडम सहज म्हणाल्या.

आजोबा बाकावर होते. घड्याळजी आहेत, डबा घेऊन दुकानातून थेट येतात. नखांत काळं तेल. कशाततरी बुडवलेला पाव खात होते आणि मिशीत पावाचा चुरा अडकला होता. मी नाव-विभाग सांगितलं. त्यांनी वर बघितलं आणि एकच विचारलं.

"दात सापडले का?"

"कसले दात?"

"तिची कवळी हो. शस्त्रक्रियेच्या दिवशी काढून घेतली ती गेलीच. सापडले की नेतो घरी."

बायको कशी आहे हे विचारलं नाही. मी थांबून पाहिलं. तरी विचारलं नाही.

हात तीनदा धुतले. इथल्या साबणाचा वास तोच आहे.

२५ जानेवारी, शनिवार

दुसरी भेट. आजोबांनी पुन्हा दातांचंच विचारलं. मी आजींजवळ गेले तर त्यांनी पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं. पांघरुणाला आंबूस वास होता. मी सांगितलं, "यजमान बाहेर बसलेत." त्यांनी डोळे मिटले.

वॉर्डातल्या आया म्हणाल्या, "अहो, पटत नसणार दोघांचं. दातांचं नुसतं निमित्त. म्हाताऱ्याला सुटका हवीय."

मला पटलं. इतक्या बाटल्या पाहिल्या की पाणी कुठलं ते रंगावरून कळतं.

२९ जानेवारी, बुधवार

दादा आणि वहिनी आले होते. वहिनी न्हाणीघरातून बाहेर येऊन दादाला हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मग दादा म्हणाला, "अगं, ते ग्लासातलं अजून ठेवलंयस?"

"टाकायला वेळ नाही मिळाला."

"आठ महिने?"

"नोकरी आहे, वर्ग आहेत, फील्डवर्क आहे."

"तू आई गेली तेव्हाही रडली नाहीस," तो म्हणाला. "मला काळजी वाटते तुझी." चहा पिताना तो तोंडाने आवाज करतो. लहानपणापासून करतो. तो गेल्यावर त्याचा कप मी दोनदा घासला.

१ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी भेट चार मिनिटांची. दात? नाही. मग ते घड्याळात बघत बसले, स्वतःच्याच दुरुस्त केलेल्या.

अहवाल तिथेच टेबलावर बसून पूर्ण केला. शेवटच्या रकान्यात कुटुंबीयांच्या भूमिकेबद्दल थोडक्यात लिहायचं असतं. मी लिहिलं: "पती उदासीन. रुग्णाच्या प्रकृतीबद्दल विचारणा नाही, केवळ हरवलेल्या वस्तूबद्दल. भेट टाळतो."

मॅडमनी वाचून मान हलवली. "बाकीचे विद्यार्थी चार पानं खरडतात आणि हाताला काही लागत नाही. तुम्ही एका शब्दात सगळं सांगितलंत. समितीसमोर मी हेच वाचून दाखवणार." मला पन्नासपैकी त्रेचाळीस दिले. समितीची बैठक पुढच्या शनिवारी, मग पंधरा तारखेला आजींना पाठवतील.

मला बरं वाटलं. ते इथे लिहिलं पाहिजे, भावना म्हणून.

कवळीचं पाणी बदललं. खालची कवळी ग्लासाच्या कडेला टेकून उभी राहते, हसल्यासारखी. बघवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात सरांनी एक जुनी केस वाचायला दिली. गेल्या वर्षीच्या कोणाच्या तरी फील्डवर्कची. नावं खोडलेली होती.

"श्रीमती क्ष, वय ७४. फुप्फुसाचा आजार, शेवटचा टप्पा. धाकटी मुलगी सोबत असते. मुलगी उदासीन. आईजवळ बसत नाही, दाराशी उभी राहते. नाकातोंडाला सतत रुमाल. वारंवार हात धुवायला जाते. आईची कवळी परिचारिकेने हातात दिली असता घेण्यास नकार."

नकार दिला नव्हता. पिशवी मागितली होती. परिचारिका पिशवी आणायला गेली, तेवढ्यात मी हात धुऊन आले आणि मग घेतली. घरी आणली. हे कोणी लिहिलेलं नाही.

सर म्हणाले, "चर्चा करा. या मुलीबद्दल काय वाटतं?"

आमच्या वर्गात एक हवालदार आहे, बढतीसाठी पदवी घेतोय. तो म्हणाला, "अशा मुली आम्ही रोज बघतो सर. माणूस जायच्या आधीच यांचा डोळा कपाटाच्या किल्लीवर." दोघं-तिघं हसले. बालवाडीत शिकवणारी एक म्हणाली की तिला समुपदेशनाची गरज आहे. कोणी म्हणालं, लहानपणी आईचं प्रेम मिळालं नसेल. आईला ते ऐकवायला हवं होतं. हसून हसून खोकला लागला असता तिला.

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही सीनिअर. तुमचं मत?"

मी म्हटलं, "नोंद थोडक्यात आहे."

तास संपल्यावर कँटीनमध्ये 'पेन्सिल' माझ्या टेबलावर येऊन बसली. बावीस वर्षांची, काटकुळी, केसांच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून वर्ग तिला पेन्सिलच म्हणतो. गेल्या वर्षी दिवसाच्या वर्गात होती, यंदा नोकरी लागल्यावर संध्याकाळच्या वर्गात आली. तिचे अहवाल मी तपासून देते, कारण तिचं मराठी भयंकर आहे. मागच्या महिन्यात तिने "वॉर्डातील सर्व रुग्णांचे शिरकाण केले" असं लिहिलं होतं. शिरगणती म्हणायचं होतं तिला. मॅडमच्या हातात ते गेलं असतं तर वॉर्डात पोलीस आले असते.

"ताई, ती केस माझी!" ती एकदम खुशीत. "सरांनी माझी केस निवडली! पहिल्या वर्षीची. त्या बाई अजून आठवतात मला. रुमालातून नुसते डोळे दिसायचे. काय डोळे होते हो. आत जायला बघायच्या आणि दारातच अडकायच्या. मी दोनदा जवळ गेले, पण बोलायची हिंमतच झाली नाही. घरी जाऊन रडले मी."

"मग उदासीन का लिहिलंस?"

"उदास लिहिलं होतं आधी. मग वाटलं, हे उदासच्या पुढचं आहे. म्हणून उदासीन. म्हणजे खूप उदास ना?"

टेबल पुसायचं फडकं कोणीतरी तिथेच टाकून गेलं होतं. त्याला असह्य वास येत होता. मी उठले आणि हात धुवायला गेले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कार्यालय. एकोणतीस बाटल्या. एकाही बाटलीला शब्द सुचेना. शेवटी "पाणी" असं लिहिलं. शेजारच्या टेबलावरचा मीटरवाला वाकून बघत म्हणाला, "मॅडम, बरं नाही का?"

८ फेब्रुवारी, शनिवार

समितीची बैठक सकाळी अकराला होती. मी थोडी आधी गेले. आजोबा बाकावर. मी शेजारी बसले, याआधी उभीच राहायचे. तेलाचा आणि पावाचा वास. फॉर्मवर नसलेला प्रश्न विचारला.

"आजोबा, तुम्ही आत का जात नाही?"

"तिनं सांगितलंय."

"काय?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "दातांशिवाय मला बघायचं नाही, म्हणाली. बेचाळीस वर्षं झाली कवळी बसवून. बाळंतपणानंतर दात गेले तिचे, तरणीताठी होती. तेव्हापासून सकाळी माझ्या आधी उठते आणि लावून बाहेर येते. मी कधी बघितलं नाही. आता म्हातारपणी तिचा शब्द मोडू?"

"मग घरी का नेत नाही?"

"अहो, घर एका खोलीचं. तिथे बाक कुठाय बाहेर बसायला?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"आणि मी दाराशी बसतो ते तिला कळतं," ते म्हणाले. "माझा खोकला ओळखते ती. म्हणून मधून मधून खोकतो."

तीन शनिवार मी तो खोकला ऐकला होता. घाणेरडा, घशातून काढलेला. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवून दोन पावलं मागे सरकले होते. अहवालात तो लिहिला नाही, कारण नोंदीजोगा वाटला नाही.

मॅडमकडे धावले. बैठक सुरू झाली होती. बाहेर थांबले. दार उघडलं तेव्हा निर्णय झालेला होता. पंधरा तारीख, सकाळी नऊची गाडी.

१० फेब्रुवारी, सोमवार

अर्धी रजा टाकली. तळघरात धुलाई विभाग आहे, तिथे गेले. शस्त्रक्रियेच्या दिवशी कवळी रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवली होती, एवढं एका आयाला आठवत होतं. उशी, चादर, रुमाल सगळं एकत्र खाली आलं असणार.

तिथला वास लिहिता येत नाही. मी लिहू शकत नाही असा हा पहिलाच वास. चादरींचे ढीग, त्यांवर जे असतं ते सगळं. तिथल्या मुकादमाने मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. "पाकीट की अंगठी?"

"कवळी."

तो हसला. "बावीस वर्षांत दात शोधायला आलेल्या तुम्ही पहिल्या बघा. टाकवत नाहीत हो मला. माणसाचं तोंड आहे शेवटी." फडताळातून त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कवळ्या होत्या. वरच्या, खालच्या, अर्ध्या, एकीला अजून काहीतरी चिकटलेलं. चौदा.

मला उलटी झाली. त्याने बादली पुढे केली. मग मी नळाखाली एकेक कवळी धुतली. हातमोजे मागायचे राहून गेले.

डबा घेऊन वर गेले. आजोबांनी खिशातून घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि एकेक उचलून बघायला लागले. आठव्या कवळीला थांबले.

"ही. ही कड बघा. तिला हिरडीला टोचायची, मी कानशीनं घासून दिली होती. घड्याळाची कानस. हे ओरखडे माझे."

"खालची?"

सगळ्या पाहिल्या. खालची नव्हती.

आत मीच गेले. रुमालावर ठेवून ती आजींपुढे धरली. बराच वेळ नुसतं बघत राहिल्या. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलले. परत वळल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता, कोणाच्या तरी घरी पाहुण्या आल्यासारखा.

"खालची मिळाली नाही," मी म्हटलं.

"राहू दे. नवऱ्याशी बोलायला वरची पुरते," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "केस सारखे करा माझे जरा. आणि बोलवा त्यांना. तो खोकला थांबवा म्हणावं आता."

११ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडम म्हणाल्या, "समितीनं तुमच्या अहवालावर निर्णय घेतलाय."

"अहवाल चुकीचा आहे."

"सगळा?"

"एक शब्द."

"एका शब्दासाठी मी समिती परत बोलावू?"

"त्या एका शब्दावरच तुम्ही त्यांना पाठवताय, मॅडम."

हाताला क्रीम चोळायचं थांबलं. मग त्या म्हणाल्या की सादर झालेला अहवाल बदलता येत नाही, पण पुरवणी जोडता येते. मात्र आपलं निरीक्षण चुकलं असं विद्यार्थ्याने स्वतःच लिहून दिलं तर गुणांचा फेरविचार होतो. पंचवीसच्या खाली गेले तर सत्र पुन्हा करावं लागेल, पदवी एक वर्ष पुढे. वस्ती अधिकाऱ्याच्या अर्जाची मुदत जूनमध्ये संपते. त्यांनी ते सगळं नीट समजावून सांगितलं. वाईट बाई नाहीत त्या.

पुरवणी तिथेच बसून लिहिली. साडेतीन पानं झाली. माझ्या हातून कधीच इतकं लिहून झालेलं नाही. बाक, डबा, खोकला, दोघांत ठरलेलं, कानशीचे ओरखडे. शेवटच्या रकान्यात शब्द सुचला नाही, तो मोकळा सोडला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी मॅडमचा कार्यालयात फोन. पंधरा तारखेची गाडी रद्द. आठ दिवस आजोबांनी वॉर्डात येऊन आजींना उठवणं, बसवणं शिकायचं, मग घरी. आजी त्यांना फार रागावतात, मॅडम म्हणाल्या, हात धड धरत नाहीत म्हणून. वॉर्डाला वैताग आलाय.

माझे गुण पंचवीस. एकाने वाचले.

संध्याकाळी कँटीनमध्ये पेन्सिल नवीन अहवाल घेऊन आली. "ताई, बघून द्या ना." मी कागद बाजूला ठेवला.

"तुझी ती केस. रुमालवाली बाई."

"हां, तिचं काय?"

मी पिशवीतून रुमाल काढला आणि नाकातोंडावर धरला. ती आधी हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मोठे झाले. नंतर खुर्ची सरकवून जवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या नाकाचं पाणी माझ्या ब्लाउजला लागलं. शी. उद्या धुवायला टाकला पाहिजे.

जरा वेळाने तिने तोंड पुसत विचारलं, "ताई, पण मी बरोबर लिहिलं होतं ना? उदासीन?"

शिरकाण मी दुरुस्त केलं होतं. तिच्या प्रत्येक अहवालातले ऱ्हस्व-दीर्घ मी लाल पेनने दुरुस्त करते. लाल पेन समोरच होतं.

"हो," मी म्हटलं. "बरोबर लिहिलं होतंस."

घरी आल्यावर कवळीचं पाणी बदललं. वरची आहे, खालची आहे. दोन्ही आहेत.